लावणी थांबवणाऱ्या भागाबाई

भागाबाईंनी त्या माणसाला कधीच माफ केलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण त्यांचा विषय निघाला की लोक हळूहळू त्यांना देवमाणूस करून टाकतात. रामाच्या देवळातली माउली, पोरांसाठी झिजलेली बाई, असं काय काय. पोरांसाठी त्या झिजल्या हे खरंच. पण त्यांच्या मनात एक वैर होतं, आणि घरातली तांब्या-पितळेची भांडी बायका जशी घासतात तसं ते त्यांनी रोज घासून लख्ख ठेवलं होतं. मी त्यांच्या शेजारी बरीच वर्षं काढली. ते वैर वगळून मला त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. माझी आणि माझ्या यजमानांची बदली मुळशी पेट्यात, पौडच्या पलीकडच्या एका गावी झाली. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल सांगायचं त्यांची पतवंडं अजून तिथं नांदतात. आम्ही दोघंही प्राथमिक शिक्षक. शाळेला इमारत नव्हती. रामाच्या देवळाच्या एका ओवरीत हे मोठ्या मुलांना शिकवत, समोरच्या ओवरीत मी पहिली-दुसरी घेत असे. देवळाच्या पायऱ्या संपल्या की भाताची खाचरं सुरू व्हायची, ती थेट ओढ्यापर्यंत. त्यांतली चांगली, आंबेमोहोर पिकवणारी, सगळी आबा पाटलांची. गावातल्या निम्म्या बायका त्यांच्याकडेच मजुरीला जात. देवळाचे मुख्य पंचही आबाच.

पुण्यातल्या एका धार्मिक संस्थेनं त्या सुमारास खेड्यांतल्या देवळांमधून बालवाड्या काढायचं मनावर घेतलं होतं. शाळेत जाण्याआधीच मुलांवर देवाधर्माचे संस्कार व्हावेत, हा हेतू. संस्थेची माणसं मोटारीतून आली, आबांच्या गळ्यात हार पडला, आबांनी देवळाचा सभामंडप बालवाडीला दिला. शिकवायला बाई संस्था पाठवणार होती. पुढच्या आठवड्यात ती एसटीतून उतरली.

तिशी-पस्तिशीची असावी. अंगानं वाळकी, लांब हातांची. गडद नऊवारी लुगडं, मोकळं कपाळ. पत्र्याची ट्रंक आणि फडक्यात बांधलेली झांज, एवढंच सामान. पुण्याची बाई म्हणून मी काहीतरी वेगळंच डोळ्यांपुढं आणलं होतं. पण तिचे पाय पाहिले आणि चमकले. बोटं फाकलेली, टाचा रुंद. चिखलात उभं राहून राहून होतात तसे पाय.

पंचमंडळी पायरीवर बसली होती. आबांनी तिला निरखून पाहिलं आणि मोठ्यानं हसले.

"अगं भागे! तू व्हय? पुण्याची बाई येनार, पुण्याची बाई येनार म्हनून आमी हितं वाट बगतुया, आन ही आपली भागी!"

ती ट्रंक उघडून आतली वस्त्रं नीट करत राहिली.

"भागे, तुला म्हनतुया मी."

तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, कानानं कमी असावी. आबांचं हसू थोडं थोडं करून विझलं. मग उठून गेले.

संध्याकाळी मी त्या बाईंना चहा घेऊन गेले तेव्हा विचारलं. भागाबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाई, मला संस्थेनं बाई म्हनून धाडलीया. भागी म्हनून न्हाई. भागी हितं हुती तवा तिचं कुनी ऐकलं न्हाई. आता ती ओ देत न्हाई."

त्या याच गावच्या सून होत्या एवढं मला त्या दिवशी कळलं. बाकीचं नाही.

बालवाडी सुरू करण्याआधी त्यांनी आठवडाभर काहीच केलं नाही, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. संस्थेनं वेळापत्रक छापून दिलं होतं. प्रार्थना इतका वेळ, गोष्ट इतका वेळ, खेळ इतका वेळ. ते त्यांनी ट्रंकेत तळाशी घातलं. सकाळपासून सभामंडपात खांबाला टेकून बसायच्या आणि नुसत्या बघायच्या. ऊन कोणत्या खांबापर्यंत येतं, सावली कधी पडते, गुरं कधी सुटतात, बायका कामाला कधी निघतात, कोणत्या पायवाटेनं परततात. मला म्हणाल्या, "पोराचा दीस श्वासावानी असतो. एकदा आत घ्यायचा, एकदा भाईर सोडायचा. नुसता आत घेत राहिलं तर गुदमरतं, नुसता सोडत राहिलं तर दमतं."

त्यांनी बांधलेला दिवस असा होता. सकाळी घंटा. मुलांनी दगडी डोणीपाशी हातपाय धुवायचे, एकमेकांच्या कपाळाला गंध लावायचं, ओळीनं रामापुढं बसायचं. डोळे मिटून प्रार्थना. हा आतला श्वास. मग झांजेच्या ठेक्यावर देवळाला प्रदक्षिणा, आधी हळू, मग जलद, मग उड्या मारत. हा बाहेरचा. मग पुन्हा बसून वाळूत बोटांनी रेघा, छोट्या जात्यावर मूठभर धान्य दळणं. दुपारी रामाला नैवेद्य, तोच मुलांचा खाऊ. मग लाकडी पाळण्यात बाळराम निजवायचा. पाळण्याची दोरी रोज वेगळ्या मुलाच्या हातात. राम निजला की मुलंही निजायची. मी माझ्या ओवरीतून बघत असे. अंगणात गोंधळ घालणारी ती पोरं पाळण्याच्या चालीवर एकेक करून आडवी व्हायची, आणि सगळा सभामंडप एका लयीत श्वास घ्यायचा. माझ्या वर्गातली मोठी मुलंसुद्धा त्या वेळी आपोआप हळू बोलू लागली. उठल्यावर गोष्ट, मग बाहेर खेळ, शेवटी पुन्हा घंटा आणि आरती. घड्याळ नव्हतंच. मुलांना आवाजावरून कळायचं आता काय आहे ते.

आरतीवरून पंचांनी कुरकुर केली. विधवेनं आरती ओवाळायची म्हणजे काय? भागाबाईंनी वाद घातला नाही. तबक मुलांच्या हातात दिलं, आपण झांज धरून मागं उभ्या राहिल्या. मुलांना कोण काय म्हणणार?

पण त्या दिवसाची दोन टोकं मला खटकली. सकाळची प्रार्थना त्यांनी बायका शेतावर जायच्या वेळेला ठेवली होती, आणि शेवटची घंटा चांगला उजेड असताना.

मी म्हटलं, "भागाबाई, आया तर दिवेलागणीनंतर येतात. घंटा तेव्हा करा ना. नाहीतर मुलं जातील कुणाबरोबर?"

"आयांबरोबर."

"त्या शेतात असतात तेव्हा."

"येतील."

नियमच तसा केला होता. सकाळी आईनं स्वतः पोराला आणायचं, प्रार्थनेला त्याच्या मागं हात जोडून उभं राहायचं. संध्याकाळी आईनंच न्यायचं. बहिणीबरोबर नाही, शेजारणीबरोबर नाही. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक आईकडून रामापुढं तसा शब्द घेतला होता, पोराचा हात तिच्या हातात देऊन. संस्थेच्या माणसांना हे फार आवडलं. आईच्या भक्तीतून बाळाची भक्ती, असं काहीतरी ते म्हणाले. आबांनीही मान डोलवली. तेव्हा उन्हाळा होता. शेतात काम नव्हतं.

चिमीचं मला पावसाळ्याच्या तोंडाशी कळलं. दुपारची वेळ होती. मुलं निजली होती, माझ्या वर्गाला खेळायची सुट्टी होती. भागाबाई नैवेद्याचे तांदूळ निवडत होत्या. मी सहज विचारलं, तुम्हाला मूलबाळ? त्यांनी हात थांबवला नाही.

"एक पोर हुती. चिमी. तीन वर्साची. आबांच्या वढ्याकाठच्या खाचरात लावणी चाललीवती. पोरं बांधावर इरल्याखाली बसवायची, दुसरी कुटं ठेवनार? पाऊस लई हुता. मी मान वर केली तर इरलं दिसलं, चिमी दिसंना. आबा बांधावर छत्री घेऊन हुबं. मी म्हनले, आबा, पोर दिसंना, बगून येते. आबा म्हनले, एवढा तुकडा पुरा कर, मंग जा."

तांदळातला एक खडा त्यांनी बाजूला काढला.

"पुरा केला मी. नवरा आबांकडंच सालगडी. घर आबांच्याच जागंत. पुरा केला, मंग गेले. वढ्यात गावली. खालच्या अंगाला, जाळीला अडकलीवती."

"भागाबाई..."

"ऐका की. दुसऱ्या दिशी आबांनी गडी धाडला. म्हनं, झालं ते वाईट झालं, पन लावणी काय कुनासाठी थांबत न्हाई. दोन दीस घे आन ये." त्यांनी सूप झटकलं. "तवाच मनात घेतलं मी. हेची लावणी थांबवायची. कशी ते ठाव नव्हतं. पन थांबवायची."

नवरा पुढच्या उन्हाळ्यात तापानं गेला. मग भागाबाई पुण्यात एका महिलाश्रमात भाकऱ्या भाजायला राहिल्या, तिथंच लिहायला-वाचायला शिकल्या, तिथल्याच बाईंनी त्यांना बालवाडीच्या शिक्षणाला घातलं. संस्थेनं कोणतं गाव हवं म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी हे नाव सांगितलं.

हे सगळं त्यांनी डोळ्याला पाणी न आणता सांगितलं. मग पाळण्याकडं बघून म्हणाल्या, "उठवायची येळ झाली."

त्यानंतर मी त्यांचा तो दिवस वेगळ्या नजरेनं बघू लागले. मुलांसाठी तो इतका मायेनं बांधलेला होता की त्यात कुठं बोट शिरलं नसतं. आणि त्याच दिवसाचं फास टाकल्यासारखं एक टोक आबांच्या खाचरांवर पडलं होतं.

लावणी सुरू झाली. बायका सकाळी मुलं आणून, हात जोडून, मगच शेतावर जाऊ लागल्या. आबा पहिले काही दिवस नुसते धुमसले. मग एके दिवशी पाऊस उघडला, ऊन पडलं. खाचरातला चिखल आळायला लागला. रोपं उपटून पेंढ्या बांधून तयार. आबांना ते खाचर त्या दिवशी संपवायचं होतं. आणि देवळात घंटा झाली.

मी ओवरीच्या कट्ट्यावरून पाहिलं. वाकलेल्या बायका एका मागोमाग एक सरळ झाल्या. हातातली रोपं पाण्यात ठेवली आणि बांधावर चढल्या.

"कुटं निघाल्या? आरं, उजेड हाय अजून!" आबांचा आवाज देवळापर्यंत आला.

एक बाई म्हणाली, "रामापुढं शब्द दिलाय, आबा." आणि पाय न धुता तशीच चालू लागली.

आबा त्यांच्या मागोमाग तरातरा देवळात आले. आत आरती चालली होती. मुलांचे डोळे मिटलेले, आया चिखलाचे हात जोडून मागं उभ्या. समोर राम. आबा देवळाचे मुख्य पंच. त्यांनाही हात जोडावे लागले. आरती संपेपर्यंत ते तसेच उभे होते, नाकपुड्या फुगवून.

"भागे, काय मांडलंयस हे?"

भागाबाई झांजेची दोरी गुंडाळत राहिल्या.

"बहिरी झालीस का काय?"

पुढच्या ओळीतली एक चिमुरडी वळून म्हणाली, "त्यास्नी बाई म्हनत्यात."

आयांनी पदर तोंडाला लावले. आबांच्या मानेपर्यंत लाली चढली. शेवटी दातांतून म्हणाले, "बाई. लावणीचं दीस हायेत. घंटा अंधार पडल्याव करा."

तेव्हा भागाबाई त्यांच्याकडं वळल्या. पहिल्यांदाच. "पोरांचा दीस बांधलेला हाय, आबा. मधीच सोडता येत न्हाई. पोरं बिथरत्यात."

"आन माझं रोप? चिखल आळला तर?"

"वाळंल," भागाबाई म्हणाल्या.

इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की आबा तसेच वळून पायऱ्या उतरले. पुढचे दोन दिवस पाऊस आला नाही आणि त्या खाचराचा एक कोपरा खरंच वाया गेला. एका सकाळी भागाबाई येऊन मला एवढंच म्हणाल्या, "पिवळं पडलंय." त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी लपवणार नाही. आनंदच होता तो.

आबांनी दुसऱ्या दिवशी सभामंडपाला कुलूप घातलं. डागडुजी काढायची आहे, असं सांगितलं. पाऊस पुन्हा लागला होता. आया मुलांना घेऊन पायऱ्यांवर उभ्या. मला वाटलं, संपलं. भागाबाईंनी कुलपाकडं पाहिलं, झांज घेतली आणि म्हणाल्या, "चला."

सगळी वरात इरल्यांखालून सरळ आबांच्या घरी. आबा ओट्यावर दात घासत होते.

"पाऊस हाय, आबा. रामाची पोरं हायेत. पडवीत बसवते," भागाबाई म्हणाल्या आणि हो-नाहीची वाट न बघता मुलांना ओळीनं बसवलं सुद्धा. गंध लावून झालं, प्रार्थना सुरू झाली. आया मागं उभ्या. गल्लीतली माणसं थांबून बघू लागली.

आबांचा नातू बापू चार वर्षांचा. मजुरांच्या पोरांत बसायचं नाही म्हणून त्याला बालवाडीत घातला नव्हता. तो दारातून बघत होता. प्रदक्षिणेची झांज वाजायला लागली तसा बाहेर आला आणि ओळीच्या शेवटच्या मुलाचा सदरा धरून चालू लागला. बापूची आई त्याला न्यायला आली ती तिथंच उभी राहिली. आणि मग आबांची आई, घराबाहेर फारशी न येणारी म्हातारी, काठी टेकत पडवीत येऊन बसली. दुपारी पाळण्याची वेळ झाली. पाळणा तर देवळात अडकला होता. म्हातारीनं आपल्या मांडीवर एक मूल आडवं घेतलं आणि पाळणा म्हणायला लागली.

मुलं निजल्यावर तिनं आबांना हाक मारली. "आबा, कुलूप काढ. रामाला कोंडून ठिवतुस व्हय रं?"

आबांनी संध्याकाळी कुलूप काढलं. बापू दुसऱ्या दिवसापासून बालवाडीत यायला लागला.

बापूवर भागाबाईंनी त्याच्या आजोबांचा राग कधी काढला नाही. उलट तो पहिल्या पहिल्यांदा दुपारी निजत नसे, तेव्हा त्याच्या पाठीवर तळहात ठेवून झांजेचा ठेका त्या नुसत्या बोटांनी धरायच्या. त्याला झोप लागली तरी थोडा वेळ हात तसाच राहायचा. मला वाटू लागलं, झालं, आता हे निवळेल. लावणी थांबली, आबा नमले, बापू आला. आणखी काय हवं?

मी चुकीचं समजत होते.

पुढच्या वर्षीची गोष्ट. थंडीचे दिवस होते. संध्याकाळची आरती नुकतीच सुरू झाली होती. तबक बापूच्या हातात होतं. आबा आले ते डोक्याला पटका नसलेले, पायात वहाण नसलेले. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, बापूला द्या. आईचं काय खरं न्हाई. सारखं बापूचं नाव घेतीया."

मी उठून उभी राहिले. आया बाजूला सरकल्या. भागाबाईंची झांज थांबली नाही. दोन ठेक्यांच्या मध्ये त्या म्हणाल्या, "एवढा तुकडा पुरा होऊ द्या. मंग न्या."

"भागाबाई, जाऊ द्या त्याला," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

आबा पुढं होऊन मुलाला उचलून नेऊ शकले असते. त्यांना अडवायला तिथं कोण होतं? पण ते जागीच थांबले. मी त्यांचा चेहरा बघत होते. आधी त्यावर राग आला. मग तो राग अडखळला, आणि ते शब्द त्यांना ओळखू आले. कुठल्या खाचरात, कुठल्या पावसात, कुणाला म्हटलेले, सगळं ओळखू आलं. इतके दिवस ही बाई गावात होती, आणि आपण काय बोललो होतो ते तिला शब्दाला शब्द पाठ आहे हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. ते सभामंडपाच्या उंबऱ्यावर बसले.

बापूनं त्यांना पाहिलं होतं. पण आरती संपेपर्यंत तबक खाली ठेवायचं नसतं हे त्याला माहीत होतं. तो ओवाळत राहिला.

एक गोष्ट मला सांगायलाच हवी. भागाबाईंनी आरती लांबवली नाही. एक ठेकासुद्धा जास्त नाही. रोजची होती तेवढीच, रोजच्याच लयीत. संपल्यावर बापूचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, हातावर प्रसाद ठेवला आणि त्याचा हात आबांच्या हातात दिला.

"न्या आता."

आबा नातवाला उचलून धावत गेले. ते घरापर्यंत पोहोचायच्या आतच तिकडून बायकांचा आक्रोश ऐकू आला.

आया मुलांना घेऊन निमूट निघून गेल्या. भागाबाई पायरीवर बसल्या.

"म्हातारीनं तुमचं काय वाईट केलं होतं?"

"कायबी न्हाई," त्या म्हणाल्या. "चिमी गेली तवा तिनंच भाकरी धाडलीवती. कुलूपबी तिनंच काढाय लावलं."

"मग?"

"मंग काय? तिच्यासाठी रडीन की मी. आज रडीन, उद्या रडीन. पन त्याला कळाय पायजे हुतं, मास्तरीणबाई. एवढा तुकडा म्हंजी किती लांब असतो ते."

त्या खरोखरच रडल्या. अंत्ययात्रेला गेल्या, बायकांत बसून मोठ्यानं रडल्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. माझे यजमान म्हणाले, ही बाई भयंकर आहे. पण मला स्वतःच्या मुली होत्या. त्यांतली एखादी बांधावरून दिसेनाशी झाली असती आणि मला कुणी असं थांबवलं असतं, तर मी काय केलं असतं हा विचार मी पुष्कळदा करून पाहिला आहे. तो कधी शेवटपर्यंत नेता आलेला नाही.

त्यानंतर आबा बदलले. पुढच्या लावणीला घंटा व्हायच्या आतच ते बांधावरून म्हणायचे, "जावा आता, पोरं वाट बगत आसतील." बांधावर लहान पोर ठेवायचं नाही, असा त्यांनी स्वतःच दंडक घातला. गावाला वाटलं, म्हातारीच्या जाण्यानं माणूस मऊ झाला.

एकदा दुपारी ते देवळात आले. मुलं निजली होती. मी ओवरीत पाट्या तपासत होते, त्यामुळं मला ऐकू आलं. आबा खांबाशी उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, त्या दिशी मला ठाऊक नव्हतं. पोर वढ्याकडं गेली आसंल आसं मनातबी आलं न्हाई."

"ठाऊक नव्हतं म्हनून तर इचारलं हुतं मी," भागाबाई म्हणाल्या.

"माझं चुकलं. मी रामापुढं म्हनतुया."

"रामापुढं म्हना. राम हितंच हाय." त्यांनी एका मुलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "हळू बोला तेवढं. पोरं उठतील."

आबा आणखी थोडे थांबले. त्यांना वाटलं असावं, अजून काही येईल. आलं नाही. ते गेल्यावर मी आत गेले आणि म्हटलं, "भागाबाई, म्हातारा झालाय तो. एवढं म्हणाला. तुम्ही एक शब्द द्यायला हवा होता."

"कशाला?"

"त्याला बरं वाटलं असतं."

"त्येच की," त्या म्हणाल्या.

साठचं दशक मध्यावर आलं तेव्हा आमची बदली लवळ्याला झाली. फार लांब नव्हे, पण त्या काळी तेवढंही लांबच. निघालो तो दिवस लावणीचा होता. आदल्या दिवशी भागाबाईंनी माझ्या मुलींना जवळ घेतलं, मला नारळ दिला, "जमंल तवा या," म्हणाल्या. निरोप एवढाच. एसटी संध्याकाळची होती. घंटा होऊन गेली होती, आया मुलांना घेऊन घरी गेल्या होत्या, खाचरं ओस पडली होती.

गाडी ओढ्यावरच्या फरशीपुलावरून वळण घेऊ लागली तेव्हा मी खिडकीतून मागं पाहिलं. सगळी खाचरं ओस नव्हती. ओढ्याकाठच्या खाचरात पाऊस झेलत आबा पाटील वाकले होते. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, बरोबर मुलगा आणि सून. बायका निघून गेल्यावर उरलेलं रोप ते घरची माणसं लावून काढत होते. म्हाताऱ्याला वाकवत नव्हतं. दोन-चार रोपं लावून तो कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, पुन्हा वाकायचा.

समोरच्या बांधावर भागाबाई बसल्या होत्या. डोक्यावर इरलं, पाय पाण्यात सोडलेले. ओच्यातून फुटाणे काढून एकेक तोंडात टाकत होत्या. मी खिडकीतून हात बाहेर काढला, हाक मारली, माझ्या मुलींनीही मारली. गाडीचा आवाज त्यांना ऐकू गेला असणार. त्या फरशीवरून दुसरी गाडी जातच नसे. पण त्यांनी मान वळवली नाही. म्हातारा खाली वाकत होता आणि त्या बघत होत्या.